तळटीप १४ : ‘चंदीगडच्या कोर्टाचा कागद’
१४. हे बोलण्यातले झाले. सासरचे डेराबस्सी चंदीगडच्या जवळ असले तरी मोहाली जिल्ह्यात, म्हणजे पंजाबात मोडते. अर्ज तिथल्याच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे गेला असणार. ‘कागद’ म्हणजे कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या (२००५चा, लागू २६ ऑक्टोबर २००६पासून) कलम १८ खालचा संरक्षण आदेश. हा घटस्फोट नव्हे, अटकही नव्हे. मारू नकोस, तिच्या कामाच्या जागी फिरकू नकोस, फोन करू नकोस, अशी ही कोर्टाची लेखी ताकीद. ती मोडली की मात्र गुन्हा : एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माहेरी निघून आलेल्या बाईला कलम २७ अधिक उपयोगाचे. ती तात्पुरती राहत असेल तिथेही अर्ज चालतो; डेराबस्सीची सून सांगलीतूनही दाद मागू शकते. (हे तिला सासरी कोणी सांगत नाही.) पहिली तारीख एरवी तीन दिवसांत आणि निकाल त्यापासून साठ दिवसांत लागावा, अशी कायद्याची अपेक्षा, तारखांचा अनुभव ज्याचा त्याला. आदेशाची प्रत अर्जदार बाईला फुकट मिळते, एक प्रत पोलीस ठाण्यातही जाते.