मिनी मंत्रालयाची वाटचाल

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. तोवर राज्यातल्या खेड्यांचा गाडा तीन तऱ्हांनी चालत होता. विदर्भात १९४८ पासूनच्या जनपद सभा होत्या, पश्चिम महाराष्ट्रात इंग्रजी अमदानीतली लोकल बोर्डे आणि शाळांसाठी वेगळी स्कूल बोर्डे, तर मराठवाड्यात निजामी राजवटीचा वारसा. या तिन्हींची मोट एका कायद्यात बांधण्याचे काम यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या समितीकडे सोपवले.

दिल्लीहून आलेला आराखडा तयारच होता. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये तालुक्याच्या पातळीवरची पंचायत समिती बळकट करावी, जिल्हा परिषद सल्ल्यापुरती ठेवावी आणि तिच्या अध्यक्षस्थानी कलेक्टर असावा, असे सुचवले होते. राजस्थानने १९५९ मध्ये नागौरहून पंचायत राज सुरू केले आणि तिथे जोर तालुक्यावरच राहिला. नाईक समितीने हे गणित उलटे मांडले. शाळा, दवाखाने, रस्ते, शेती, लघुपाटबंधारे ही कामे चालवायची तर तज्ज्ञ अधिकारी आणि पुरेसा पैसा जिल्ह्यालाच परवडेल, असा तिचा हिशेब होता. त्यामुळे कारभार जिल्हा परिषदेकडे आला, कलेक्टर बाहेर राहिला आणि आमदार-खासदारांनाही सभागृहात जागा मिळाली नाही. अध्यक्ष लोकांमधला, त्याच्या जोडीला सरकारने नेमलेला मुख्य कार्यकारी अधिकारी.

लोक तिला ‘मिनी मंत्रालय’ म्हणू लागले ते उगाच नाही. मास्तरांच्या बदल्या तिथूनच होत. राजकारणातली नवी पिढीही तिथेच तयार झाली. विलासराव देशमुख उस्मानाबाद जिल्हा परिषदेत होते, आर. आर. पाटील सांगलीच्या.

हे अधिकार पुढे काढून घेतले गेले, पण त्यासाठी कायदा रद्द करावा लागला नाही. नवी योजना आली की तिचा पैसा दुसऱ्या दाराने येई. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात विस्तारलेल्या रोजगार हमीची सूत्रे कलेक्टरकडे राहिली. १९८० च्या सुमारास केंद्राच्या दारिद्र्यनिर्मूलन योजनांसाठी जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा नावाची वेगळी नोंदणीकृत संस्था उभी राहिली. आमदार निधी आणि १९९३ पासूनचा खासदार निधी यांमुळे गावातला रस्ता, समाजमंदिर या कामांचे श्रेयही वाटले गेले.

१९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. दर पाच वर्षांनी निवडणूक, महिलांना आरक्षण, वित्त आयोग हे सगळे राज्यांवर बंधनकारक झाले. अकराव्या परिशिष्टात २९ विषयांची यादीही आली. त्यातले किती द्यायचे, हे मात्र राज्यांवरच सोडले. केरळने १९९६ मध्ये राज्य योजनेतला ३५ ते ४० टक्के पैसा थेट स्थानिक संस्थांकडे वळवला. महाराष्ट्रात मात्र असा पैसा वाटणाऱ्या जिल्हा नियोजन समितीच्या अध्यक्षस्थानी पालकमंत्री बसतो.

याचा अर्थ सर्वसाधारण सभेत कळतो. गळक्या वर्गखोलीचा प्रश्न सदस्य तावातावाने मांडतो आणि शिक्षणाधिकारी शांतपणे उत्तर देतो : प्रस्ताव ‘डीपीसी’कडे, म्हणजे जिल्हा नियोजन समितीकडे, पाठवला आहे. शाळा परिषदेची, पण पत्र्यांचा पैसा पालकमंत्र्यांच्या बैठकीतून यायचा. सदस्याच्या हाती उरतो तो सेस फंड, म्हणजे परिषदेचे तुटपुंजे स्वउत्पन्न.

२०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि गटांची रचना यांचा वाद कोर्टात अडकला आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. प्रस्ताव मांडायचा त्यांनी, सभागृहाच्या वतीने मंजुरीही द्यायची त्यांनीच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तोवर तीन वर्षे उलटली होती. त्या काळात शाळा भरल्या, पगार झाले, टेंडरेही निघाली. फक्त त्यांबद्दल जाब विचारणारा निवडलेला सदस्य नव्हता. नव्या सदस्यांना खुर्च्या मिळाल्या, तरी वर्गखोलीच्या पत्र्यांचा निर्णय पालकमंत्र्यांच्याच बैठकीत व्हायचा आहे. तो परिषदेच्या सभागृहात आणायचा तर पाऊल मंत्रालयालाच उचलावे लागेल.