दुनळी, श्वान आणि तंजावरचे भोसले

तंजावरच्या मराठी राज्याविषयी लिहावयाचे म्हटले की सरस्वती महाल, बृहदीश्वर मंदिरातील १८०३ चा भोसले वंशाचा शिलालेख आणि दरबारची नाटके एवढ्यांतच आमच्या लेखण्या रमतात. ते योग्यही आहे. परंतु ग्रंथ जमविणारे हे राजे घोडा, कुत्रा आणि बंदूक यांचेही जाणकार होते, याचा उल्लेख कुंभकोणच्या आम्हा मराठी मंडळींत क्वचितच होतो. बहुधा आमच्या सोवळ्या स्वयंपाकघरांना तो विषय रुचत नसावा.

शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत तोफखाना व दारूखाना यांच्या जोडीने शिकारखानाही येतो. तो केवळ हौसेचा विभाग नव्हता. रान पारखणे, वारा ओळखणे, माणसे पांगवून पुन्हा एकत्र आणणे या युद्धाच्याच तालमी होत. त्याहूनही मागे जावयाचे तर कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचविलेल्या 'मानसोल्लासा'त ससाण्यांच्या आणि कुत्र्यांच्या शिकारीला स्वतंत्र प्रकरणे दिलेली आहेत. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांना तो ग्रंथ त्यातील जुन्या मराठी शब्दांसाठी ठाऊक असतो. श्वानप्रेमींनीही तो पाहावा.

व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला गादी स्थापिली. सव्वाशे वर्षांनंतर, १७९९ च्या तहाने, दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या हातून राज्यकारभार कंपनीकडे गेला. उरला तो किल्ला, वर्षाला एक लाख पगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. लढावयाची मुभा संपलेल्या राजाला क्षात्रतेज दाखविण्यास शिकारीवाचून दुसरे मैदान राहिले नाही, असे आम्हांस वाटते. बिशप हेबर मार्च १८२६ मध्ये तंजावरला आले होते. लाव्हाझिये, लिनीयस व ब्यूफाँ यांचे दाखले सहज देणाऱ्या या राजाला घोड्याची खरी पारख आहे आणि वाघासमोर त्याचा नेम थंड डोक्याने अचूक बसतो, अशी वाखाणणी त्यांनी केली. तिच्यात आम्हांस कौतुकाबरोबर थोडी करुणाही दिसते. हाच राजा चित्रकारांकडून पक्ष्यांची चित्रे काढवून घेत असे. त्याने बेंजामिन टोरिन या इंग्रज मित्रासाठी करविलेला चित्रसंग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. एका हातात बंदूक व दुसऱ्या हाताशी कुंचला, असे हे व्यक्तिमत्त्व होते.

सरफोजींची कारकीर्द (१७९८ ते १८३२) आणि दुनळी बंदुकीचे ऐन तारुण्य हे एकाच काळातले. तोड्याच्या बंदुकीत बत्ती कानाशी पोचेपर्यंत पाखरू केव्हाच दूर जाई. म्हणून बसलेल्या पक्ष्यावरच नेम धरावा लागे आणि उडत्याची शिकार ससाणा करी. उत्तम चकमकीची बंदूक आली व उडता पक्षी टिपणे शक्य झाले. लंडनच्या जोसेफ मँटनने हलक्या, सुबक दुनळीला असे रूप दिले की पुढील कारागीर तिचेच अनुकरण करीत राहिले. १८१४ मध्ये स्वतःचे दुकान काढणारा जेम्स पर्डी त्याच्याच हाताखालून गेलेला. १८०७ मध्ये फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट घेतले; त्यातून पुढे टोपीची बंदूक निघाली. मग ठासणी जाऊन मागून काडतूस भरण्याची सोय झाली. १८७५ च्या अँसन आणि डीली यांच्या रचनेत तर बाहेरचे घोडेही नाहीसे झाले. लोखंड व पोलाद पिळून घडविलेल्या जुन्या नळ्यांवर लाटांसारखी नक्षी उमटे. ती डोळे भरून पाहावी. मात्र तशा नळीत धूरविरहित दारूचे आधुनिक काडतूस कदापि घालू नये.

बंदुकीबरोबर कुत्राही बदलला. चिप्पिपारै, कन्नी किंवा मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपास आणलेला आमचा मुधोळ हाउंड, हे दृष्टीचे कुत्रे. दिसले की झेपावतात. पक्ष्यांचा कुत्रा नाकाने चालतो, आणि त्याची खरी थोरवी थांबण्यात आहे. पॉइंटर वास लागताच एक पाय उचलून स्तब्ध होतो. सेटर हा मूळचा जाळ्याचा कुत्रा. तो दबून बसे आणि शिकारी त्याच्यावरून जाळे पसरीत. धावण्याची उपजत ओढ आवरावयास शिकविणे हेच शिक्षकाचे कौशल्य. आधी शिटी व हाताची खूण, मग दुरून बंदुकीचा आवाज, तोही जेवणाच्या वेळी, म्हणजे धसका बसत नाही. शेवटी पाखरू दात न लावता आणून देणे. मारझोडीने कुत्रा बिघडतो, हे यातील प्रत्येक जाणकार सांगेल. कावेरीच्या भातखाचरांत हिवाळ्यात पाणलावे उतरतात, तेथे मात्र चिखल आणि उष्मा यांपुढे विलायती कुत्रे दमत. पडलेली पाखरे वेचण्यास गावची पोरेच बरी ठरत.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजीमहाराज निवर्तले व राज्य खालसा झाले. ग्रंथालय जागीच राहिले, शस्त्रागाराची मात्र पांगापांग झाली; त्यातील काही हत्यारे मद्रासच्या सरकारी संग्रहालयात पाहावयास मिळतात. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय संपविला, आणि ते उचितच झाले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच बंदुका ठेवता येतात; वारशाने आलेलीही त्यांतच मोजली जाते. आजोबांची दुनळी तिसरी ठरली तर ती जमा करावी लागते. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या आम्हांस नियम मान्य आहे. परंतु जमा करण्यापूर्वी नळीवरील कारागिराचे नाव, क्रमांक व नक्षी यांची टिपणे आणि छायाचित्रे घ्यावीत, एवढी विनंती.

सरस्वती महालात मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. तमिळ विद्यापीठाने त्यांतील काहींचा तमिळ अनुवाद प्रसिद्ध केला आहे. आमच्या मंडळात मोडी लीलया वाचणारी दोन-तीन वयोवृद्ध मंडळी अद्याप आहेत. त्यांनी त्या दप्तरांत घोड्यांच्या चंदीशेजारी कुत्र्यांच्या रतिबाची कलमे सापडतात का ते पाहावे. सापडल्यास त्यांची नक्कल मंडळाच्या वाचनालयात ठेवण्याची व्यवस्था करू.