काटकसरीच्या रेषेतलं दुःख

१९५७ साली एमजीएमनं आपला कार्टून विभाग बंद केला आणि ‘टॉम अँड जेरी’चे जनक विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा टेलिव्हिजनकडे वळले. तिथं पैसा तुटपुंजा. सिनेमागृहासाठीच्या सात मिनिटांच्या कार्टूनला जेवढा खर्च येई, त्याच्या लहानशा हिश्श्यात टीव्हीचं काम उरकावं लागे. मग दोघांनी चित्रांवरच काटछाट केली. योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आली ती त्यातूनच: कॉलरखालचं धड तसंच ठेवून नुसतं डोकं नव्यानं काढता येई. हालचाल घटली तशी बडबड वाढली. चक जोन्स या मातब्बर ॲनिमेटरनं या प्रकाराला ‘सचित्र रेडिओ’ म्हणून हिणवलं. मोठ्यांच्या ॲनिमेटेड मालिकांमध्ये आज जी भावनिक खोली जाणवते, तिचं मूळ या काटकसरीत आहे.

३० सप्टेंबर १९६० रोजी अमेरिकेत एबीसी वाहिनीवर, रात्रीच्या मोक्याच्या वेळेला याच जोडीची ‘द फ्लिंटस्टोन्स’ सुरू झाली. ती मोठ्यांसाठी होती. सुरुवातीच्या प्रायोजकांमध्ये विन्स्टन सिगारेट होती आणि जाहिरातीत मालिकेतले शेजारी फ्रेड आणि बार्नी स्वतःच झुरके मारत. फ्रेडचा आवाज ॲलन रीडचा, बार्नीचा मेल ब्लँकचा, बेटीचा बी बेनाडेरेटचा. तिघंही रेडिओत मुरलेले. चित्र जिथं कमी पडे, तिथं हे आवाज सांभाळून घेत. १९६३ साली फ्रेडला मुलगी झाली आणि शेजारच्या बार्नी-बेटीला आपल्याला मूल नाही हे सलू लागलं. दोघं चांदणीकडे मूल मागतात, दाराशी एक बाळ सापडतं आणि ते आपलंच राहावं म्हणून त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागते. अश्मयुगातल्या विनोदी कार्टूनमध्ये अपत्यहीनता आणि दत्तकविधान! पाठीमागं ध्वनिमुद्रित हशा चालूच होता, तरी बेटीची खंत खरी वाटते.

१९६६ मध्ये ही मालिका संपली. पुढं अमेरिकी टीव्हीवरचं ॲनिमेशन बहुतांशी शनिवार सकाळच्या बालप्रेक्षकांकडे गेलं आणि दोन दशकं तिथंच अडकलं.

कोंडी फुटली १७ डिसेंबर १९८९ रोजी, फॉक्स वाहिनीवर ‘द सिम्पसन्स’ आल्यावर. पात्रं मॅट ग्रेनिंगची. पण मालिकेला हळवेपणा दिला तो निर्माता जेम्स एल. ब्रुक्सनं. पहिल्याच हंगामातला ‘मोनिंग लिसा’ हा भाग पाहावा. आठ वर्षांची लिसा उदास आहे आणि त्याला कारण नाही. आई मार्ज तिला शाळेत सोडताना सांगते, मनातलं आत दाब आणि हसत राहा. लिसा हसते, लगेच मुलं तिचा गैरफायदा घेऊ लागतात. गाडीतून ते पाहणारी मार्ज मागं फिरते, लेकीला गाडीत घेते आणि स्वतःचाच उपदेश मागं घेते: तुला उदास राहायचं तर राहा, आम्ही सोबत आहोत. उदासीवर इलाज न शोधता तिला घरात जागा देणारं हे टीव्हीवरचं कार्टून होतं.

पण या दुःखाला एक मर्यादा होती. पुनःप्रक्षेपणात भाग कुठल्याही क्रमानं दाखवले जात, त्यामुळे प्रत्येक भागाच्या शेवटी घर पुन्हा जैसे थे. लिसा आजही आठ वर्षांचीच आहे. ज्याला कालची आठवण नाही, त्याचं दुःख बावीस मिनिटांत आटोपतं.

ग्रेनिंगच्याच ‘फ्यूचरामा’नं यातून वाट काढली. नायक फ्राय १९९९च्या शेवटच्या रात्री गोठतो आणि हजार वर्षांनी जागा होतो. म्हणजे काळाची ताटातूट कथेच्या पायातच आहे. २००२ सालच्या ‘जुरासिक बार्क’ या भागात त्याला आपल्या कुत्र्याचा जीवाश्म सापडतो. माझ्यामागं बारा वर्षं जगला, म्हणजे मला विसरला असेल, असं समजून तो त्याला जिवंत करायचं टाळतो. कुत्रा ती सगळी वर्षं पिझ्झाच्या दुकानासमोर वाट पाहत बसला होता, हे फक्त प्रेक्षकाला दिसतं. पात्राला जे कळत नाही त्याचं ओझं आता प्रेक्षकावर आलं.

उरलेली मर्यादा ‘बोजॅक हॉर्समन’नं ओलांडली. २२ ऑगस्ट २०१४ रोजी नेटफ्लिक्सनं पहिल्या हंगामाचे बाराही भाग एकदम आणले. लोक ते क्रमानं पाहणार, म्हणून लेखक राफाएल बॉब-वाक्सबर्ग यांना जैसे थे परतण्याची सक्ती नव्हती. हा दारुडा, घोड्याच्या तोंडाचा नट कुणाला दुखावतो तेव्हा ती जखम पुढच्या हंगामांतही ओली राहते. २०१८च्या ‘फ्री चुरो’ या भागात तो आईला निरोप द्यायला शवपेटीशेजारी उभा राहून जवळजवळ भागभर एकटाच बोलतो. चित्र जेमतेम हलतं. सारा भार विल आर्नेटच्या आवाजावर. चक जोन्सनं हिणवलेला ‘सचित्र रेडिओ’ तो हाच. सजीव नट अडखळला की आपण त्याचा अभिनय जोखतो; इथं स्थिर चेहऱ्यावरची रिकामी जागा आपणच भरतो.

ज्यांना हा प्रवास स्वतः तपासायचा आहे, त्यांनी ‘मोनिंग लिसा’ आणि ‘जुरासिक बार्क’ सुटे पाहिले तरी चालतील. ‘बोजॅक’ मात्र पहिल्या भागापासून पाहावा. मधूनच पाहिला तर नुसता कडवट विनोद हाती लागेल.