गोदावरीतील मासे, त्यांचे कृमी आणि माणूस

विष्णुपुरी येथे गोदावरीवर बंधारा घातला गेल्यावर नांदेडच्या वरच्या अंगाला नदीचे वाहते पात्र एका लांबट, संथ जलाशयात बदलले, आणि उपसा सिंचनाने शेतीला व नळाने शहराला पुरवल्या जाणाऱ्या या पाण्यासोबत मासेमारीचेही स्वरूप पालटले. डोहांत आणि खडकांच्या कपारीत राहणाऱ्या वाम, मरळ, शिवडा, मागूर या जुन्या रहिवाशांच्या जोडीला गंगेच्या खोऱ्यातील कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज सोडण्याची पद्धत मराठवाड्यातील धरणांवर रूढ झाली. याच विष्णुपुरीत १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली आणि आज तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. प्राणिशास्त्र आणि वैद्यक या दोन विद्या अशा प्रकारे एका नदीकाठी शेजारी आल्या असल्या, तरी माशांतील परजीवींच्या, म्हणजे दुसऱ्या सजीवाच्या शरीरात राहून त्याच्यावर पोसणाऱ्या जीवांच्या, अभ्यासाच्या इतिहासात त्यांची गाठ फारच क्वचित पडलेली दिसते.

मराठी प्रदेशात या अभ्यासाचा एक ठळक आरंभ नागपूरला सापडतो. तेथील मो. अ. मोघे यांनी १९२५ मध्ये मागूर माशाच्या आतड्यातील एका पट्टकृमीचे, म्हणजे फितीसारख्या चपट्या कृमीचे, वर्णन इंग्लंडमधील एका नियतकालिकात प्रसिद्ध केले. आज ही जाती लायटोसेस्टस इंडिकस या नावाने ओळखली जाते. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता आणि येथील उच्च शिक्षणाचे केंद्र हैदराबाद हे होते. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघाले, आणि त्याच्या प्राणिशास्त्र विभागात गो. बा. शिंदे यांच्याभोवती कृमिशास्त्राची एक मोठी शिष्यपरंपरा उभी राहिली. शिंदे यांनी १९६८ मध्ये मरळ वर्गातील माशातून मिळालेल्या पट्टकृमीसाठी सर्कमॉन्कोबोथ्रियम ही नवी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, स्थापन केली. त्यापुढील दशकांत सेंगा या प्रजातीत गोदावरी, पैठण, औरंगाबाद आणि खाम नदी यांच्या नावांवरून नव्या जातींची भर पडत गेली, इतकी की कृमींच्या यादीतून मराठवाड्याचा भूगोल वाचता यावा.

या परंपरेचा ओढा नामकरणाकडे का राहिला, याचे उत्तर साधनांत आहे. मासळी बाजारातून मासा आणावा, आतडे उघडावे, कृमी काचपट्टीवर घेऊन रंगद्रव्याने रंगवावा, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे आकडे, चोषके आणि वृषणे मोजावीत आणि मापे आधीच्या वर्णनांशी जुळत नाहीत असे दिसल्यास नवी जाती जाहीर करावी, एवढे काम तालुक्याच्या महाविद्यालयातील अध्यापकालाही तुटपुंज्या खर्चात करता येत असे. कृमीचे जीवनचक्र उलगडण्यासाठी मात्र जिवंत अंडी, प्रयोगशाळेत वाढवलेले जलचर आणि अनेक महिन्यांची पाळत लागते. पीएच.डी.च्या प्रबंधाला नवी जाती ही ठोस निष्पत्ती वाटे, हेही नाकारता येत नाही.

त्याची किंमत पुढे मोजावी लागली. मासा मरून काही तास लोटले की कृमीचे शरीर आक्रसते किंवा ढिले पडते आणि त्यामुळे मापे बदलतात. शिवाय अनेक जातींचे मूळ नमुने इतर अभ्यासकांना तपासण्यासाठी उपलब्धच नव्हते. मागूर माशातील पट्टकृमींचे २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय पुनरीक्षण झाले. त्यासाठी महाराष्ट्र, पश्चिम बंगाल आणि दक्षिण-पूर्व आशियातून नवे नमुने गोळा केले गेले, आणि शेवटी फक्त आठ जाती ग्राह्य ठरून पन्नासाहून अधिक नावे रद्द झाली. मोघे यांची जाती त्या आठांत टिकली. शिंदे यांची सर्कमॉन्कोबोथ्रियम ही प्रजाती पुढील वर्गीकरणात सेंगामध्येच सामावली गेली. तरीही कोणत्या नदीत, कोणत्या माशात, वर्षाच्या कोणत्या ऋतूत कृमी आढळतात याच्या ज्या नोंदी या पिढ्यांनी केल्या, त्या नावांबरोबर बाद झाल्या असे मानणे अन्यायाचे ठरेल.

मराठवाड्यात नोंदवले गेलेले हे पट्टकृमी माणसाच्या शरीरात वाढत नाहीत. मागूर माशातील पट्टकृमी चिखलातल्या गांडूळवर्गीय जीवांमार्फत पसरतात आणि सेंगाच्या जाती पाण्यातील सूक्ष्म कवचधारींमार्फत. दोहोंचे अंतिम पोषक, म्हणजे ज्यांच्या शरीरात कृमी प्रौढ होतो ते जीव, मासेच आहेत. माणसाला धोका असतो तो माशाच्या आतड्यातील प्रौढ कृमीपेक्षा मांसात दडून बसलेल्या अळीचा, आणि त्या अळीचा इतिहास अन्यत्र घडला. यकृतातील चिनी पर्णकृमी पहिल्यांदा ओळखला गेला तो कोलकात्यात: १८७४ मध्ये एका चिनी सुताराच्या शवविच्छेदनात मॅककॉनेल यांना तो पित्तनलिकांत सापडला. तो कच्च्या माशातून येतो हे समजायला आणखी कित्येक वर्षे लागली. माणसाच्या आतड्यात कित्येक मीटर वाढणाऱ्या मत्स्य-पट्टकृमीचे चक्र स्वित्झर्लंडमध्ये जानिकी आणि रोझेन यांनी १९१७ मध्ये पूर्ण मांडले: अंड्यातून बाहेर पडलेली अळी पाण्यातील सूक्ष्म कवचधारी गिळतो, त्याला मासा खातो आणि माशाला माणूस.

मराठवाड्याच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची गोष्ट नॅथोस्टोमा या गोलकृमीची आहे. रिचर्ड ओवेन यांनी १८३६ मध्ये लंडनमध्ये मेलेल्या एका वाघाच्या जठरात तो पाहिला. माणसात त्याची पहिली नोंद १८८९ मध्ये सयामातील, म्हणजे आजच्या थायलंडमधील, रुग्णाची झाली, आणि १९३० च्या दशकात थायलंडच्या प्रोम्मास व डेंगस्वांग यांनी सायक्लॉप्स हा पाण्यातील सूक्ष्म कवचधारी, मासा आणि मांजर अशी त्याची साखळी जोडून दाखवली. त्या देशात ही अळी वाहणारा एक प्रमुख मासा मरळ आहे. कच्च्या किंवा अर्धवट आंबवलेल्या मरळीतून माणसाच्या पोटात गेलेली अळी प्रौढ होऊ शकत नाही, म्हणून त्वचेखाली, कधी डोळ्यात किंवा मेंदूत भटकत राहते. भारतात असे रुग्ण तुरळक आढळले आहेत आणि त्यांतील बरेच डोळ्याच्या तक्रारीमुळे लक्षात आले.

मरळ तीच, सायक्लॉप्सही तोच. मग गोदावरीकाठी हा रोग परिचित का नाही, याचे बरेचसे उत्तर चुलीवर आहे. येथे मासा हळद-मीठ लावून तळला जातो किंवा काळ्या मसाल्याच्या उकळत्या रश्श्यात शिजतो, आणि त्या उष्णतेत अळी जगत नाही. लिंबू, शिरका किंवा मीठ यांच्यावर मात्र भरवसा ठेवता येत नाही. कच्चा मासा वाढण्यापूर्वी तो उणे २० अंश सेल्सियसला सात दिवस गोठवावा, असे अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाचे मार्गदर्शन आहे. घरातील शीतकपाटाच्या बर्फाच्या खणाला हे तापमान नेहमी साधतेच असे नाही. शहरांत सुशी विकली जात असताना केवळ रांधण्याच्या जुन्या सवयीवर विसंबणे आता पुरेसे नाही.

सायक्लॉप्सशी महाराष्ट्राची जुनी आणि कडू ओळख आहे ती नारूमुळे. विहिरी आणि बारवांतील पाण्यासोबत नारूची अळी वाहणारा सायक्लॉप्स पोटात गेला की वर्षभराने पायातून दोऱ्यासारखा कृमी बाहेर पडे. नारूच्या प्रसारात सायक्लॉप्सचा वाटा आहे हे रशियन निसर्गशास्त्रज्ञ फेदचेन्को यांनी १८७० च्या सुमारास मध्य आशियातील तुर्कस्तानच्या प्रदेशात दाखवले होते. भारतात १९८३-८४ पासून राष्ट्रीय मोहीम चालली; पाणी फडक्याने गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बदलणे आणि पाण्यात औषध टाकणे हे तिचे मुख्य उपाय होते. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला. आफ्रिकेतील चाड देशात मात्र २०१२ पासून कुत्र्यांमध्ये नारू मोठ्या प्रमाणावर सापडू लागला. तेथे पिण्याच्या पाण्याबरोबरच मासे आणि बेडूक यांच्यामार्फतही तो पसरत असावा, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. म्हणून तेथील नदीकाठच्या गावांत मासे साफ केल्यावर निघणारी आतडी उघड्यावर न टाकता पुरण्यास सांगितले जाते.