एका तोटीसाठी कललेले जहाज : 'रॉयल जॉर्ज', १७८२

१/ जहाजाच्या पाण्याखालच्या अंगाला मुद्दाम भोक पाडणे हा वेडेपणा वाटेल. पण जहाजांना अशी भोके लागतातच. डेक धुण्यासाठी समुद्राचे पाणी आत घ्यावे लागते. त्यासाठी भोकात नळी बसवतात आणि नळीवर तोटी. आज या तोटीला 'सीकॉक' म्हणतात. अशीच एक झिजलेली तोटी बदलताना ब्रिटिश आरमाराने एका सकाळी ८०० हून अधिक माणसे गमावली.

२/ ते जहाज म्हणजे 'एचएमएस रॉयल जॉर्ज'. तोफांचे तीन मजले, १०० तोफा, १७५६ मध्ये वूलिच येथे जलावतरण. १७५९ मध्ये क्विबेरॉनच्या उपसागरात अ‍ॅडमिरल हॉकने फ्रेंच आरमाराचा पराभव केला, तो याच जहाजावरून. १७८२ साली मात्र ते २६ वर्षांचे झाले होते. ओक लाकडाच्या युद्धनौकेसाठी हे वय थोडे नव्हे.

३/ अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध चालू होते. फ्रान्स व स्पेन ब्रिटनविरुद्ध उतरले होते आणि १७७९ पासून जिब्राल्टरला वेढा पडला होता. तेथे रसद पोहोचवण्यासाठी लॉर्ड हॉव यांचा ताफा पोर्ट्समथजवळच्या स्पिटहेड येथे सज्ज होत होता. घाई होती. एवढ्याशा दुरुस्तीसाठी जहाज कोरड्या गोदीत नेण्याइतकी उसंत कोणाला नव्हती.

४/ मग जुनीच युक्ती योजली गेली : जहाज जागेवरच एका अंगावर कलवायचे. तोटी उजव्या अंगाला, पाण्याच्या रेषेखाली सुमारे तीन फुटांवर होती. २९ ऑगस्टच्या सकाळी डाव्या बाजूच्या तोफा खिडक्यांतून बाहेर सरकवल्या आणि उजव्या बाजूच्या तोफा मध्यभागी ओढल्या. उजवे अंग वर आले, डावे खाली गेले.

५/ जहाज लवकरच निघणार म्हणून खलाशांची बायकामुले निरोपासाठी आली होती, फेरीवालेही होते. त्याच वेळी रमची पिंपे घेऊन एक छोटे गलबत आले आणि नेमके खाली झुकलेल्या बाजूला लागले. पिंपे चढवताना वजन त्याच बाजूला वाढत गेले. खालच्या मजल्यावरच्या तोफांच्या खिडक्या उघड्या होत्या आणि पाणी त्यांच्या उंबऱ्याशी आले होते.

६/ वाचलेल्यांच्या कथनानुसार जहाजाच्या सुताराने पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला दोनदा सांगितले : जहाजाला हा कल सोसवत नाही, सरळ करा. पहिल्यांदा त्याचे कोणी ऐकले नाही. दुसऱ्यांदा हुकूम निघाला, पण तोवर खिडक्यांतून पाणी आत घुसले होते. काही मिनिटांत जहाज बुडाले. रिअर अ‍ॅडमिरल केम्पेनफेल्टही त्यात गेले. पाहुण्यांची नोंदच नसल्याने मृतांचा नेमका आकडा कधीच ठरला नाही.

७/ कॅप्टन वॅगहॉर्न बचावले. सप्टेंबरमध्ये लष्करी न्यायालय बसले आणि सर्वांना निर्दोष ठरवण्यात आले. निष्कर्ष असा : लाकूड सर्वत्र कुजले होते, त्यामुळे सांगाड्याचा एखादा मोठा भाग निखळला असावा. मोठा कडाडल्यासारखा आवाज ऐकल्याच्या साक्षी झाल्या. गोदीत हे जहाज पाहिलेल्या अधिकाऱ्यानेही लाकूड वाईट असल्याचे सांगितले.

८/ इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थबकावे. न्यायाधीश आरमारी अधिकारी होते, आरोपीही आरमारी अधिकारी. दोष कुजक्या लाकडाचा ठरला की तो डेकवरून उचलून गोदीच्या कारभारावर जातो. म्हणून निकाल खोटा ठरत नाही. पण तो अपुरा आहे. लाकूड कुजलेले असेल, तर ते ठाऊक असताना जहाज इतके कलवले का, हा प्रश्न उरतोच.

९/ त्याच काळात आरमार दुसऱ्या एका किडीशी झुंजत होते. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांपासून बचाव म्हणून १७६१ मध्ये 'एचएमएस अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. १७६३ च्या तपासणीत दिसले की लोखंडी खिळे विरघळून गेले आहेत. जेथे पत्र्याखाली तपकिरी कागद शिल्लक होता, तेथले खिळे मात्र शाबूत होते.

१०/ खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांना भिडले की विद्युत्‌घट तयार होतो आणि त्यातला दुबळा धातू झिजतो. पण व्होल्टाचा घट आला १८०० मध्ये. तोवर हे समजावणारे शास्त्रच नव्हते. दरम्यान जवळजवळ सगळ्या ताफ्याला तांबे ठोकून झाले होते आणि लोखंडी बोल्ट आतून खचत होते. १७८० च्या दशकात त्यांच्या जागी तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट आले. सुटा भाग कितीही उत्तम असो, त्याला शेजार कोणत्या धातूचा आहे हे आधी पाहावे लागते, हा धडा असा महागात मिळाला.

११/ १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने तांब्याला जस्त व लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तुकडे झिजले, तांबे वाचले. पण तांबे विरघळेना, म्हणून तळावर शेवाळ आणि शिंपले माजले! १८३२ मध्ये मुंट्झने सुमारे ६० टक्के तांबे व ४० टक्के जस्त असलेल्या स्वस्त पितळेचे पेटंट घेतले. अशा पितळेचा दोष वेगळाच : समुद्राचे पाणी त्यातले जस्त शोषून घेते आणि मागे सच्छिद्र, तांबूस सांगाडा उरतो. आकार तोच, ताकद शून्य.

१२/ आज जुनी शिडाची बोट बाळगणारा नवा सीकॉक निवडतो, तेव्हा हा सगळा इतिहास त्याच्या हातात असतो. साधे पितळ आणि ब्राँझ दुकानात सारखेच चकाकतात. समुद्रात त्यांचे नशीब वेगळे. पर्याय तीन : ब्राँझ, जस्त न सोडणारे खास पितळ किंवा काचतंतूंनी बळकट केलेले नायलॉन. स्टेनलेस स्टीललाही पाणी साचून राहणाऱ्या फटीत गंज लागतो. आणि तोटी नवी, पण तिच्याभोवतीची फळी कुजकी असेल, तर खर्च वाया. म्हणूनच प्रत्येक सीकॉकजवळ मऊ लाकडाची निमुळती खुंटी बांधून ठेवण्याची शिस्त आहे : तोटी तुटलीच, तर भोकात ठोकायला.

१३/ 'रॉयल जॉर्ज' तोटीमुळे बुडाले नाही. ती बदलण्याच्या घाईने बुडाले. कुजके लाकूड, उघड्या खिडक्या, रमची पिंपे, यांतले एकेक कदाचित निभावले असते. जहाजाचे अंग सर्वांत चांगले ओळखणारा माणूस त्या सकाळी डेकवरच होता. तो सुतार होता, आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यायचे की नाही, हे ठरवणारा दुसराच कोणी होता.

(समाप्त)