फेज-टाइप वितरणे : एका गणिती युक्तीचा इतिहास

टेलिफोनवरील संभाषण किती वेळ चालेल, हा प्रश्न वरवर पाहता गणिताचा वाटत नाही. परंतु केंद्रात किती वाहिन्या ठेवाव्यात, याचे उत्तर त्यावरच अवलंबून असते. आग्नर क्रारूप एर्लांग १९०८ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत रुजू झाले आणि १९०९ व १९१७ मधील निबंधांतून त्यांनी या विषयाचा पाया घातला. या गणितात घातांकी वितरणाला मध्यवर्ती स्थान मिळाले. या वितरणाला स्मृती नसते. संभाषण दहा मिनिटे चाललेले असो वा नुकतेच सुरू झालेले असो, पुढील मिनिटात ते संपण्याची संभाव्यता तीच राहते. हा गुणधर्म गणितास अत्यंत सोयीचा आहे. व्यवहारात मात्र तो क्वचितच आढळतो.

यावरील तोडही एर्लांग यांच्याच नावाने ओळखली जाते. एकच कालावधी अनेक काल्पनिक टप्प्यांत विभागावयाचा आणि प्रत्येक टप्पा घातांकी मानावयाचा, ही ती युक्ती होय. टप्पा स्वतः स्मृतिहीनच राहतो. परंतु सध्या कितवा टप्पा चालू आहे, यात गतकाळाची नोंद आपोआप साठते. चार समान टप्पे घेतल्यास प्रमाण विचलन सरासरीच्या निम्मे होते, शंभर घेतल्यास एक दशांश.

आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९०६ मध्ये परस्परावलंबी घटनांच्या साखळीचा अभ्यास सुरू केला, तो निराळ्याच हेतूने. १९१३ मध्ये त्यांनी पुश्किनच्या काव्यातील २०,००० अक्षरांवर स्वर-व्यंजनांचा क्रम तपासला; टेलिफोनचा तेथे संबंधही नव्हता. पुढे कोल्मोगोरोव्ह यांनी १९३१ मध्ये सतत कालातील प्रक्रियांची उपपत्ती मांडली, तेव्हा एर्लांग यांचे टप्पे म्हणजे साखळीच्या अवस्था, आणि कालावधी म्हणजे शोषक अवस्थेत पोहोचण्यास लागणारा वेळ, असे म्हणणे शक्य झाले.

डेव्हिड कॉक्स यांनी १९५५ मध्ये टप्प्यांची कल्पना इतकी व्यापक केली की टप्प्यांच्या 'संभाव्यता' संमिश्र संख्याही असू शकत होत्या. मार्सेल न्यूट्स यांनी १९७५ मध्ये, आणि १९८१ च्या ग्रंथात अधिक विस्ताराने, उलट मार्ग धरला. साखळी खरीखुरी मार्कोव्ह साखळीच असावी, हा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे संपूर्ण वितरण एका आरंभ-सदिशात व एका संक्रमण-दरांच्या मॅट्रिक्समध्ये सामावले आणि संगणकावर आकडेमोड करणे सुलभ झाले. न्यूट्स यांचे खरे श्रेय या संयमात आहे, असे म्हणता येईल.

धन कालावधीचे कोणतेही वितरण अशा वितरणांनी हवे तितके जवळून गाठता येते. ही सोय फुकट नाही. एवढेच टप्पे वापरून एर्लांग वितरणापेक्षा कमी विचलन मिळू शकत नाही, हे अल्डस आणि शेप यांनी १९८७ मध्ये सिद्ध केले. म्हणजे जवळजवळ निश्चित कालावधीसाठी टप्प्यांची संख्या भराभर वाढते.

आकडेवारीशी जुळणी करताना याहून गंभीर अडचण येते. साखळी कोणत्या मार्गाने गेली, हे दिसत नाही. दिसतो तो केवळ एकूण वेळ. आस्मुसेन, नेर्मन व ओल्सन यांनी १९९६ मध्ये हा अदृश्य मार्ग अनुमानाने भरून काढणारी ई-एम पद्धत दिली. रुग्णालयातील मुक्कामाचा कालावधीही फॅडी व मॅक्लीन यांनी १९९९ मध्ये फेज-टाइप वितरणांनी अभ्यासला. अशा जुळणीतील टप्प्यांना 'तीव्र आजार', 'पुनर्वसन' अशी नावे देण्याचा मोह स्वाभाविक आहे.

तो का आवरावा, हे एका उदाहरणाने स्पष्ट होते. समजा, निम्मे रुग्ण सरासरी ५ दिवसांच्या आणि निम्मे सरासरी १० दिवसांच्या घातांकी मुक्कामाचे आहेत. आता दुसरे चित्र घ्या : सर्व रुग्ण प्रथम सरासरी ५ दिवसांच्या टप्प्यातून जातात आणि त्यांपैकी एक चतुर्थांश पुढे सरासरी १० दिवसांच्या टप्प्यात शिरतात. दोन्हींत सरासरी ७.५ दिवस येते. इतकेच नव्हे, तर संपूर्ण वितरण तंतोतंत एकच असते. पहिल्या चित्रात रुग्ण दोन प्रकारचे आहेत, दुसऱ्यात एकाच प्रकारचे. केवळ दाखल झाल्याची व घरी गेल्याची तारीख हाती असेल, तर या दोहोंतील निवड ती आकडेवारी कधीही करू शकत नाही. त्यासाठी रुग्णाचे केसपेपरच उघडावे लागतात.