रक्ताची भूक व सांध्यांचा दाह

पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गांवीं एखाद्या गृहिणीच्या बोटांचे सांधे सुजले, सकाळीं मूठ वळेनाशी झाली आणि तपासणींत दाहयुक्त संधिवात ठरला, म्हणजे डॉक्टर बहुधा मेथोट्रेक्सेटची गोळी देतात. ह्या गोळीचें मूळ मुंबईच्या गिरणगांवांत आहे, हें मात्र फारच थोड्यांस ठाऊक असतें.

इ. स. १९२८ मध्यें लूसी विल्स ह्या इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रिया गरोदरपणीं पंडुरोगानें पांढऱ्याफटक पडत, कित्येक दगावतही. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें विल्सबाईंनीं त्यांचें रक्त व आहार तपासला. दोष निकृष्ट अन्नाचा आहे, आणि यीस्टच्या स्वस्त अर्कानें रक्त पुन्हां भरूं लागतें, हें त्यांनीं १९३१ मध्यें प्रसिद्ध केलें. बरें करणारें तें अज्ञात द्रव्य म्हणजेच फोलिक अ‍ॅसिड होय. अमेरिकेंत, भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालीं, १९४५ मध्यें तें प्रयोगशाळेंत तयार झालें.

पुढें ह्याच द्रव्याचा तोतया निर्माण करण्यांत आला. भाऊसाहेबांच्या तोतयाप्रमाणें रूप तेंच, पण कार्य शून्य! पेशी त्यास आपला समजून जवळ करते व तिची वाढ खुंटते. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनीं १९४८ मध्यें रक्ताच्या कर्करोगानें पीडित बालकांस त्यानें तात्पुरता आराम पडल्याचें दाखविलें. १९५१ मध्यें गुब्नर यांनीं तेंच औषध संधिवातावर योजिलें. त्याच घराण्यांतील सौम्य मेथोट्रेक्सेटला ह्या रोगासाठीं अमेरिकेंत १९८८ मध्यें मान्यता मिळाली.

ह्याचें कारण असें: शरीराच्या पहारेकरी पांढऱ्या पेशी शत्रु दिसतांच झपाट्यानें वाढतात, आणि त्या वाढीस फोलिक द्रव्य लागतें. संधिवातांत हे पहारेकरी घरच्याच सांध्यांवर उलटतात. त्यांची रसद तोडली कीं दंगा ओसरतो. अल्प मात्रेंत तर अ‍ॅडेनोसीन नांवाचें द्रव्य सांचून पेशींचा क्षोभच शमतो, असें पुढील संशोधनांत आढळलें.

परंतु तोतया मित्र व शत्रु ओळखीत नाहीं. म्हणून ही गोळी आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतल्यामुळें रोगी प्राणांस मुकले आहेत. अपाय टळावा म्हणून डॉक्टर इतर दिवशीं फोलिक अ‍ॅसिडच देतात. गिरणीतल्या ज्या स्त्रियांच्या रक्तानें हें ज्ञान दिलें, त्यांचीं नांवें इतिहासांत आलीं नाहींत. त्यांच्या उपासाचें मोल मात्र आज असंख्य हातांच्या हालचालींत मोजतां येतें.